'मेड इन जपान'ची एलपी संगणकावर: कामाच्या नोंदी

7 जून 2025: प्रत आणि सामान

हार्ड रॉक बँड डीप पर्पलचा 'मेड इन जपान', दोन तबकड्यांचा लाइव्ह अल्बम, ब्रिटिश पर्पल लेबलची टीपीएसपी 351 क्रमांकाची प्रत. दौऱ्यावरचं ध्वनिमुद्रण: 15 आणि 16 ऑगस्ट 1972 ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये, 17 ऑगस्ट टोकियोच्या बुडोकानमध्ये. यंत्र आठ ट्रॅकचं, इंजिनिअर मार्टिन बर्च. अल्बम सीडीवर सहज मिळतो, मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न येणारच. एलपीचं कटिंग (तबकडीत चर कोरणं) वेगळं आणि नंतरच्या सीड्यांचं मास्टरिंग (आवाजाला शेवटचं रूप देणं) वेगळं. हवं आहे ते एलपीचं. प्रत स्वतःची, फाइली स्वतःपुरत्या.

पहिली बाजू 'हायवे स्टार' आणि 'चाइल्ड इन टाइम', मिळून 19 मिनिटं. दुसरी 'स्मोक ऑन द वॉटर' आणि 'द म्यूल', 17 मिनिटं. तिसरी 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आणि 'लेझी', 20 मिनिटांच्या किंचित वर. चौथी बाजू अख्खी 'स्पेस ट्रकिन', 20 मिनिटांना सहा सेकंद कमी. एकूण 76 मिनिटं. 24 बिट, 96 किलोहर्ट्झला मिनिटाला साधारण 35 एमबी लागतात, म्हणजे कच्चा माल 2.6 जीबी. मधल्या टप्प्यांच्या प्रती धरून 15 जीबी जागा मोकळी ठेवावी.

कोणतं गाणं कुठल्या रात्रीचं, हे पुढे दोन ठिकाणी कामाला येतं, म्हणून आत्ताच टिपलेलं बरं. 'स्मोक' एकटं 15 तारखेचं. 'म्यूल' आणि 'लेझी' टोकियोची. बाकी चारही ओसाकाची, 16 तारखेची.

सामान: डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल, ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम95ई कार्ट्रिज (सुई बसते तो भाग), फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण संकेत वाढवणारा), यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारा), लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर.

प्रतीची अवस्था: पहिल्या तबकडीवर बुरशीचे पांढरट ठिपके, दुसऱ्या बाजूच्या शेवटाला आडवा ओरखडा. दुसरी तबकडी कडेला उचललेली. कव्हर मात्र छान आहे. (जाता जाता: नाव जपानचं असलं तरी पुढच्या कव्हरवरचा फोटो लंडनच्या रेनबो थिएटरमधला आहे.)

9 जून: धुणं

बुरशी कोरड्या ब्रशनं काढायला जाऊ नये. ती चरात आणखी खाली दाबली जाते आणि सुईवर गोळा होते.

द्रावण: चार भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिटरमागे दोन-तीन थेंब बिनवासाचा, बिनरंगी भांडी धुण्याचा द्रव. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी वापरून पाहिलं. सुकल्यावर पांढरट डाग राहिले. कॅनवर काहीही छापलेलं असो, आधी काचेवर थेंब टाकून सुकू द्यायचा आणि डाग पडतो का पाहायचं. पडला तर ते पाणी गाडीलाच घालावं. औषधाच्या घाऊक दुकानातल्या पाच लिटरच्या कॅनचं पाणी स्वच्छ निघालं.

लेबलावर प्लास्टिकचं झाकण दाबून धरलं, द्रावण पसरून दोन मिनिटं भिजू दिलं, मऊ केसांच्या ब्रशनं चराच्या दिशेनं गोल फिरवलं, मायक्रोफायबर फडक्यानं टिपलं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा तेच. हे दुसरं धुणं गाळलं तर साबणाचा पातळ थर चरात राहतो आणि पहिल्याच वाजवण्यात सुईवर राखाडी लगदा जमतो. हवा दमट असल्यानं उभं ठेवून रात्रभर सुकवलं. जुन्या प्लास्टिकच्या आतल्या पिशव्या फेकून दिल्या; बुरशी तिथूनच परत येते.

सत्तर टक्के खरखर इथेच गेली. पुढे सॉफ्टवेअरमध्ये डोकं फोडायला लागू नये असं वाटत असेल तर वेळ इथे घालवावा.

13 जून: गोंदाचा प्रयोग

सुतारकामाचा पांढरा गोंद तबकडीभर पसरायचा आणि सुकल्यावर पापुद्र्यासारखा सोलायचा, की चरातला कचरा त्याला चिकटून येतो, अशी एक युक्ती आहे. आधी एका टाकाऊ एलपीवर करून पाहिली. पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशीही मधला भाग ओला होता. थर पातळ पडला तिथे सोलताना तुटला आणि तुकडे चरात राहिले. कोरड्या हवेत, जाड थर लावून आणि कडेला सोलायला कागदाची पट्टी ठेवून जमत असेलही. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे करू नये. या अल्बमच्या तबकड्यांना गोंद लावला नाही.

14 जून: वाकलेली तबकडी

6 मिमी जाडीच्या, 33 सेंटिमीटर चौरस दोन काचा, कडा घासून घेतलेल्या. काच आणि तबकडी दोन्ही धुळीच्या एका कणाशिवाय हव्यात, नाहीतर कण कायमचा चरात बसतो. फरशी सपाट आहे का ते पाण्याच्या लेव्हलनं पाहिलं, वर नऊ-दहा किलो पुस्तकं. उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवायचा सल्ला अनेक जण देतात. पीव्हीसी साठेक अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि त्या टप्प्यावर चराचा आकारही जातो. नुसतं वजन आणि सवड.

आठवड्यानं उचल निम्म्यावर आली. बाकीची राहिली, पण सुई उडत नाही, तेवढं पुरे. उरलेल्या उचलीमुळे येणारी खालची थरथर 20 हर्ट्झच्या खाली असते. ती नंतर फिल्टरनं काढता येते. बास गिटारची सर्वांत खालची मोकळी तार 41 हर्ट्झची, त्यामुळे 20 हर्ट्झच्या हाय-पासनं (त्याखालचं कापणाऱ्या फिल्टरनं) संगीताचं काही जात नाही.

18 जून: वेग

3150 हर्ट्झची चाचणीची रेकॉर्ड उसनी मिळाली. वाजवून स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारितेला किती आवाज, याचा आलेख) पाहिला: 3162. म्हणजे टर्नटेबल 0.38 टक्के जलद. कानाला कळत नाही, पण चौथ्या बाजूवर साडेचार सेकंद जातात. पिच स्लायडरनं आणलं.

स्ट्रोब डिस्क (दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर) वापरणाऱ्यांनी तीन गोष्टी बघाव्या. डिस्क 50 हर्ट्झची हवी, तिच्यावर 33⅓ साठी 180 रेघा असतात. अमेरिकेतून आलेल्या 60 हर्ट्झच्या डिस्कवर 216 असतात. एलईडी दिवे बहुतेक नीट लुकलुकत नाहीत. निऑनचा टेस्टर किंवा जुना पिवळा बल्ब लागतो. आणि आपल्या ग्रिडची वारंवारिता स्वतःच 50 च्या थोडी मागेपुढे हलत असते, तेव्हा तेवढी चूक धरूनच चालायचं.

अल्बममधल्या ऑर्गनच्या स्वरावरून वेग जुळवायचा मोह होतो, कारण हॅमंड ऑर्गनला गिटारसारखं सुरात लावावं लागत नाही. इथे तो मोह टाळावा. टोनव्हील (फिरत्या चाकांनी स्वर काढणाऱ्या) हॅमंडची मोटर विजेच्या वारंवारितेला बांधलेली असते आणि जपानमध्ये वारंवारिता दोन आहेत: टोकियोकडे 50 हर्ट्झ, ओसाकाकडे 60. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोनं जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकानं अमेरिकन, तेव्हापासूनची ही फाळणी. एकाच दौऱ्यावर दोन वेगळ्या विजांवर वाजलेलं हे वाद्य. त्याचा स्वर प्रमाण मानू नये.

21 जून: गुणगुण

सुई उचललेली, व्हॉल्यूम नेहमीचा, तरी हेडफोनमध्ये सलग गुणगुण. स्पेक्ट्रममध्ये 50, 100, 150 हर्ट्झला खांब.

पहिला विचार, 50 आणि 100 ला अरुंद नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारिता कापणारे) लावावेत आणि मोकळं व्हावं. दुसऱ्या बाजूच्या एका तुकड्यावर करून पाहिलं. 'स्मोक'मध्ये बास येतो तिथे जमीनच खचली. कारण सरळ आहे: गाणं जी मायनरमध्ये, बासचा खालचा जी 49 हर्ट्झचा, त्याचं सप्तक 98, तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारितेचा) 147. आपली घरगुती गुणगुण आणि या गाण्याचा पाया एकाच जागी राहतात. फिल्टरला त्यांच्यातला फरक कळत नाही. तेव्हा गुणगुण तारेतच मारायची.

क्रमानं काय केलं ते असं. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर घेतला: वरच्या पट्टीतली चिरचिर गेली, 50 राहिली. टर्नटेबलच्या अर्थच्या तारेचा फोर्क टर्मिनल गंजला होता. घासून प्रीअँपच्या स्क्रूखाली नीट आवळला: 50 बरीच खाली. प्रीअँपचा अडॅप्टर त्याच्याच शेजारी पडला होता, तो हात लांबवता येईल इतका दूर नेला: 100 गेली. उरली एक मंद घरघर. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पूर्ण वेगावर नेला की थांबायची. मुद्रणाच्या वेळी पंखा बंद. फ्रिजचंही बटण बंद करावं. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना फाइलमध्ये एक टक् पडतो आणि तो ओरखड्यासारखाच दिसतो.

गुणगुण आपली की मूळ मुद्रणातली, हे ओळखायची सर्वांत साधी रीत म्हणजे सुई उचलून आणि सुई टेकवून दोन्ही स्पेक्ट्रम शेजारी ठेवणं. या अल्बमवर आणखी एक खूण आहे. ओसाकाच्या गाण्यांत 60 किंवा 120 हर्ट्झला खांब दिसला, तर तो आपल्या घरातला असूच शकत नाही. त्याला हात लावू नये. टोकियोच्या दोन गाण्यांना ही खूण लागू पडत नाही.

24 जून: पहिली बाजू, पहिलं मुद्रण

पातळी अशी ठेवली की संगीताचं शिखर उणे 6 डेसिबलच्या आसपास यावं. पातळी संगीतावर लावायची, ओरखड्यावर नाही. एखादा मोठा टक् वर लागला तर लागू द्यावा, तो नाहीतरी जाणार आहे.

'हायवे स्टार' स्वच्छ. 'चाइल्ड इन टाइम'च्या उत्तरार्धात गायक इयन गिलनच्या किंकाळ्या आल्या तिथे आवाज फाटला, उजव्या बाजूला जास्त. बाजूच्या शेवटी हे होण्याचं कारण भूमितीत आहे: बाहेरच्या चरात सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर प्लास्टिक सरकतं, आतल्या चरात जेमतेम वीस-बावीस सेंटिमीटर. तेवढ्याच आवाजाची नक्षी निम्म्याहून कमी जागेत कोंबलेली. आणि नेमकी अल्बममधली सर्वांत उंच किंकाळी तिथे.

उजवी बाजू जास्त फाटते म्हणजे सुई आतल्या भिंतीला रेलते आहे, बाहेरची भिंत सोडते आहे, अँटी-स्केटिंग (सुईचा आतला ओढा तोलणारा जोर) वाढवायचं. वाढवलं, डावा-उजवा दोन्ही आवाज सारखे फाटू लागले. ही प्रगतीच. मग प्रोट्रॅक्टरवर (सुईचा कोन जुळवायच्या तक्त्यावर) कार्ट्रिज तपासलं: 66.0 आणि 120.9 मिमीच्या दोन्ही बिंदूंवर सरळ. सुईचं चरावरचं वजन 1.8 वरून 2.0 ग्रॅम केलं, जे या कार्ट्रिजचं शिफारस केलेलं वजन आहे. थोडा फरक. हलकं वजन म्हणजे तबकडीची काळजी, हा समज चुकीचा. वजन कमी पडलं की सुई चरात उसळते आणि भिंतीच खरवडते.

उरलेलं फाटणं सुईच्या आकाराचं. व्हीएम95ई ची सुई लंबगोल, 0.3 गुणिले 0.7 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आतल्या चरातले बारीक वळसे तिला पकडता येत नाहीत.

2 जुलै: सुई बदलली

त्याच कार्ट्रिजवर बसणारी मायक्रोलिनिअर (अधिक बारीक टोकाची) सुई घेतली, 13-14 हजार रुपये. या कामातला सर्वांत मोठा खर्च. कार्ट्रिज तेच राहतं, पुढचा भाग ओढून नवा सरकवायचा. तरी संरेखन पुन्हा तपासावंच, किंचित हलतं.

'चाइल्ड'च्या किंकाळ्या बहुतेक बऱ्या झाल्या. एका ठिकाणी अजून खर येते, पण ती आधीच्या कुणाच्या झिजलेल्या सुईनं कोरलेली आहे; तिला उपाय नाही.

बारीक सुईचा दुसरा फायदा अपेक्षित नव्हता. ती चरात वेगळ्या उंचीवर टेकते, त्यामुळे जुन्या सुयांनी घासलेला पट्टा सोडून न घासलेल्या भिंतीवर चालते. दुसऱ्या बाजूची सततची खरखर स्पष्ट कमी. तोटा: तळातली घाण हिला अधिक ऐकू येते. पहिली तबकडी पुन्हा धुतली.

झांजा अजून बोचऱ्या वाटत होत्या. हा दोष केबलचा निघाला. कार्ट्रिजला एकूण 100 ते 200 पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं, म्हणजे विद्युतधारितेचं माप) हवेत. टोनआर्मची तार, दीड मीटरची आरसीए केबल आणि प्रीअँपचं स्वतःचं मिळून ते तीनशेच्या पुढे जात होते. त्यानं वरच्या पट्टीत उंचवटा येतो. अर्ध्या मीटरची कमी कपॅसिटन्सची केबल घातली, झांजा जागेवर बसल्या.

5 जुलै: चारही बाजू

सलग एका बैठकीत, पातळीचा नॉब न हलवता. नॉब हलला तर चारही बाजूंचा आपसातला तोल जातो आणि नंतर कानानं जुळवावा लागतो. बाजू तिसरी पहिल्या फटक्यात. चौथीच्या मध्यात वीज गेली. बाजू पुन्हा पहिल्यापासून. इन्व्हर्टरवर मुद्रण करू नये. साइन वेव्ह नसलेल्या इन्व्हर्टरनं लाइनमध्ये घरघर येते.

डावा-उजवा उलटा झाला नाही ना, हे सीडीशी ताडून पाहिलं. या मिक्समध्ये गिटार एका बाजूला आणि ऑर्गन दुसऱ्या बाजूला आहे, त्यामुळे उलटापालट लगेच कळते. सीडीचा उपयोग एवढाच. लांबी किंवा फेड तिच्याशी जुळवत बसू नये.

9 जुलै: आपोआप टकटक काढणं

मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये कुलूपबंद ठेवून प्रतीवर ऑडॅसिटीचं क्लिक रिमूव्हल चालवलं, आहे त्या सेटिंगवर. ऐकायला स्वच्छ वाटलं. जरा जास्तच.

काय काढलं गेलं ते ऐकायची युक्ती: मूळ ट्रॅक आणि साफ केलेला ट्रॅक एकावर एक ठेवायचे, एकाची फेज उलटी करायची (लहर खालची वर), दोन्ही एकत्र वाजवायचे. उरतो तो फक्त काढलेला भाग. 'म्यूल'वर हे केलं आणि त्या उरलेल्या भागात इयन पेसचा ड्रम सोलो तालासकट ऐकू आला. सॉफ्टवेअर प्रत्येक स्नेअरच्या टोकाला चिमटा घेत होतं. 'स्पेस ट्रकिन'मध्ये मार्शलमधून वाजवलेल्या विकृत ऑर्गनच्या कडा गेल्या होत्या. गाण्यांमधल्या टाळ्यांचं तर विचारू नये: एकेक टाळी म्हणजे सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं एकेक ओरखडा.

हार्ड रॉकच्या लाइव्ह तबकडीची खरी अडचण ही आहे. तंबोऱ्यावरच्या गाण्यात किंवा स्टुडिओतल्या संथ रेकॉर्डवर टक् वेगळा दिसतो. इथे झांज, स्नेअर, ताणलेली गिटार आणि हजारो लोकांच्या टाळ्या, सगळं टोकदार, सगळं क्षणिक. संवेदनशीलता कमी केली तर ओरखडे राहतात, वाढवली तर ड्रम बोथट होतो. मधली जागा सापडत नाही. शोधण्यात बराच वेळ गेला आणि हाती काही लागलं नाही. चारही बाजूंवरची स्वयंचलित साफसफाई टाकून मूळ फाइलींपासून पुन्हा सुरुवात.

13 जुलै: हातानं, दुसरी बाजू

'म्यूल'च्या शेवटचा आडवा ओरखडा, दर फेऱ्याला एक टक्.

33⅓ च्या वेगात एक फेरा 1.8 सेकंदांचा, म्हणजे 96 किलोहर्ट्झला 172,800 सँपल (आवाजाच्या एकेक क्षणाच्या नोंदी). वेग आधी नीट लावला असेल तर हे गणित चोख बसतं. पहिला टक् सापडला की त्यापुढे 172,800 सँपलांवर लेबल टाकत जायचं. पुढचा टक् लेबलाच्या दहा-वीस मिलिसेकंद इकडेतिकडे सापडतोच, कारण ओरखडा सरळ त्रिज्येवर नसून तिरपा आहे आणि त्यानुसार सरकत जातो. सोलोच्या गदारोळात कानानं न सापडणारे टक्सुद्धा असे सापडतात. ड्रमर कितीही पक्का असो, नेमक्या 1.8 सेकंदांनी मारत नाही.

डोळ्यानं ओळखायची खूण स्पेक्ट्रोग्राममध्ये (वेळेनुसार स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या चित्रात): ओरखडा खालपासून पार 48 किलोहर्ट्झपर्यंत एकसारखी उभी रेघ काढतो. ड्रमची रेघ वर जाताना विरते. 96 किलोहर्ट्झवर मुद्रण करायचं कारण हेच; 44.1 वर हा फरक दिसायला जागाच उरत नाही.

दुरुस्ती: ऑडॅसिटीचं रिपेअर एका वेळी 128 सँपलपर्यंतच चालतं, 96 वर तेवढे म्हणजे 1.3 मिलिसेकंद. लहान टक् त्यात बसतात. मोठे बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी रीत: ओरखडा बहुधा चराच्या एका भिंतीवर खोल असतो, म्हणजे एका चॅनेलमध्ये मोठा. स्टिरिओ ट्रॅक सुटा करून त्या दोन-तीन मिलिसेकंदांत वाईट चॅनेलवर चांगल्या चॅनेलचा तुकडा डकवायचा, कडा झिरो क्रॉसिंगवर (लहर शून्य ओलांडते तिथे). मधोमध असलेल्या स्नेअर आणि बास ड्रमवर जोड अजिबात कळत नाही. झांजेच्या लांबत्या झणकारावर कळते. तिथे रिपेअर दोन भागांत चालवून भागवलं.

दर दुरुस्तीनंतर मागचे पाच सेकंद ऐकायचे, हेडफोनवर. स्पीकरवर हे काम करू नये.

17 जुलै: नॉइज रिडक्शन नको

सुरुवातीच्या रिकाम्या चराचा नमुना घेऊन 6 डेसिबल नॉइज रिडक्शन देऊन पाहिलं. गाण्यात ठीक, पण टाळ्या पाण्याखालून आल्यासारख्या बुडबुडल्या. 3 डेसिबलवरही तेच, थोडं कमी. लाइव्ह मुद्रणात सभागृहाची पार्श्वभूमी आणि तबकडीची सळसळ यांचा पोत जवळजवळ एक आहे. पूर्ण काढून टाकलं.

एकच जागा खटकत होती, 'चाइल्ड'ची शांत सुरुवात, जिथे ऑर्गन जवळजवळ एकटा आहे. तिथली बारीक चटचट हातानं काढली. टाळ्यांमधली एकही काढली नाही. ऐकूच येत नाही, तर कशाला.

20 जुलै: बाजूंचे सांधे

प्रत्येक बाजू टाळ्यांवर हळू विरते आणि पुढची टाळ्यांतून उगवते. फाइलीत हे सलग करावं, दोन-तीन सेकंदांचा क्रॉसफेड देऊन, असा बेत होता.

दुसरी-तिसरी जोडताना बिघडलं. 'म्यूल' बुडोकानमधलं: 1964 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं, जुदोचं प्रचंड आवार. 'स्ट्रेंज काइंड' ओसाकाच्या संगीतगृहातलं. टाळ्यांचा घुमारा वेगळा. क्रॉसफेडमध्ये छत अचानक खाली आल्यासारखं वाटतं. पहिली-दुसरीत दोन्ही ओसाका, पण रात्री वेगळ्या. तिथे जोड जमते, तरी कान शोधायला गेला की सापडते. एका ठिकाणी जोड आणि दुसऱ्या ठिकाणी फेड हे धेडगुजरी नको, म्हणून चारही बाजूंचे मूळ फेड तसेच ठेवले, मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता. नुसता चराचा आवाज जिथे सुरू होतो तिथून कापलं.

22 जुलै: तुकडे, निर्यात, खर्च

क्रम: 20 हर्ट्झ हाय-पास, मग चारही बाजूंना एकत्र एकच गेन, शिखर उणे 1 डेसिबल. बाजूगणिक वेगळं नॉर्मलाइज केलं तर 'स्पेस ट्रकिन' बाकीच्यांपेक्षा वेगळ्या आवाजात येतं.

साठवणीची प्रत 24/96 फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल). सीडीसाठी 44.1, 16 बिट, डिदरसह (बिट कमी करताना मिसळलेली बारीक सळसळ). 76 मिनिटं एका सीडीत मावतात. एकाच बाजूवरच्या दोन गाण्यांमध्ये टाळ्या अखंड आहेत, तेव्हा तुकडा पाडताना सीडीच्या फ्रेमवरच पाडायचा, 588 सँपलच्या पटीत. तसं न केल्यास बर्निंग सॉफ्टवेअर उरलेली जागा शून्यांनी भरतं आणि टाळ्यांत एक खड्डा ऐकू येतो. ऑडॅसिटीत निवडीचं माप सीडी फ्रेमवर ठेवून स्नॅप चालू केलं की काम होतं. फोनसाठी एमपी3 करणाऱ्यांना हा खड्डा बहुतेक प्लेअरवर येणारच. एका बाजूची एक फाइल ठेवावी, गाणी तोडू नयेत.

खर्च: सुई 13-14 हजार, काचा 700, अल्कोहोल अर्धा लिटर 250, पाणी 120, केबल 900, नव्या आतल्या पिशव्या 400. यातली सुई सोडली तर बाकी सगळं मिळून एका चांगल्या जेवणाचं बिल.

26 जुलै: उरलेले दोष

चौथ्या बाजूच्या शेवटच्या दोन मिनिटांत डावीकडे खर आहे. धुऊन, वजन 2.2 पर्यंत नेऊन, अँटी-स्केटिंग खालीवर करून पाहिलं, हलत नाही. झिजलेला चर. दुसरी प्रत मिळाली तर फक्त ती दोन मिनिटं त्या प्रतीतून घेऊन इथे बसवता येतील, पण त्यासाठी दोन्हींचा वेग हजारात एकाच्या आत जुळायला हवा आणि शेवटच्या चराशेजारी कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तोच हवा, नाहीतर कटिंग वेगळं निघून जोड ऐकू येते. मूळ कच्च्या फाइली, लेबलांची यादी आणि टर्नटेबलच्या पिच स्लायडरची जागा त्याकरता जपून ठेवली आहे.